काकडाशिवाय शेवळं

— नाही नाही, पुरे कसं, एवढी भाजी संपवल्याशिवाय पानावरनं उठायचं नाही, भावजी. शेवळांची रानभाजी तुमच्या आवडीची म्हणून सगळी तुमच्याच ताटात वाढली, खानावळीतल्या पोरांना आज डाळ नि बटाटा. काचेच्या हापिसातली पोरं ती, लोअर परळची, त्यांना काय कळणार शेवळं. तुमच्या बायकोला, मेघनाला, येतात करता? नाही ना. मग खा गपगुमान. आणि जरा हळू बोला, आत हे पडलेत — झटक्यानं हात नेला, वाचा नेली, पण कान ठेवलेत. हां, तर काय म्हणत होता तुमचा तो कंपनीवाला? जगात माणसं वाढली, खाणारी तोंडं वाढली, म्हणून आपलं गावचं रान आडवं करायचं नि तिथं केळी लावायची? म्हणजे जगाला जेवू घालायला निघालेत! मी इथं लालबागच्या दोन खोल्यांत रोज पंगती उठवते, मला नाही कुणी विचारलं.

मी चौथी शिकलेली, माझं जाऊ द्या. तुम्ही तर त्या रानात लहानाचे मोठे झालात, मी नंतर आलेली सून. तुम्ही नि हे ओहोळाला खेकडे धरायचात — तो ओहोळ कुठनं येतो? रानातनं. खाली आपल्या खाचरात भात कशावर पिकतो? त्या ओहोळावर. आंब्याला मोहोर येतो, त्यावर माशी कुठनं येते? तीही रानातनंच. रान तोडून शेत वाढत नाही हो, आहे ते मरतं. पलीकडच्या वाडीनं डोंगर सोलला — तुम्हीच नेलं होतंत मला दाखवायला, किती सपाट केलंय बघा वहिनी म्हणून. आता तिथं खाचरांत दगडगोटे, बायका टँकरची वाट बघत हंडे मांडून बसतात. भाताचं गाव ते, रेशनचा तांदूळ खातं. आणि डोंगर उभा आहे वर, भेगा पडलेला, घरांवर वाकून बघतोय. येणार तो खाली एक दिवस. येताना कुणाची परवानगी काढणार नाही.

काय झालं? पाणी? हे घ्या, प्या — पण पाण्यानं नाही जायचं ते. घसा धरला ना? धरणारच. शेवळांत काकडाच्या फळांचा रस घालावा लागतो, आंबट, तेव्हा कुठं त्यांची खाज मरते. तुमच्या आईनंच शिकवलं मला, चुलीपुढे बसवून. एकाच रानात दोन्ही — खाजरी भाजीही तिथंच, तिचा उतारही तिथंच. आज नाही घातला. विसरले? मी? मिळालीच नाहीत काकडं. सकाळी चंपा आली, आपल्या कातकरवाडीची, दरवर्षी येते तशी एष्टीनं — शेवळांच्या जुड्या पुढ्यात टाकल्यान् आणि मान वर करीना. म्हटलं, काकडं कुठायत गो? तर म्हणते, वयनी, काकडाची झाडं पडली, बुधवारपासून मशीन चालतंय, विनीतभाऊंची माणसं हायत. तुमची माणसं, बुधवारपासून! आणि तुम्ही माझ्या पानावर बसून मला विचारताय, वहिनी, तुमचं काय मत?

रान दोघा भावांच्या नावावर. ह्यांच्या होकाराशिवाय मशीन चढलं कसं वर? शेवळं निवडता निवडता डोक्यात लख्ख झालं माझ्या. मंगळवारी मी दादरला भाजीला गेले होते. तुम्ही आलात, भावाच्या उशाशी बसलात — शेजारची दुर्गा कौतुक सांगत होती, काय माया हो दिराची. दुपारी ह्यांचं अंग पुसायला घेतलं तर डाव्या अंगठ्याला निळी शाई. मला मेलीला वाटलं, औषधाचा डाग. दगडानं घासावा तसा घासून काढला, मीच काढला, एक ठिपका नाही ठेवला — आता कुणाला दाखवायला काही नाही माझ्याकडे, आणि हे मी तुम्हालाच कशाला सांगत बसलेय —

नाही, बसा! दाराला कडी आहे. डोळ्यांतनं पाणी आलं तरी माणूस मरत नाही ह्यानं. आमसुलाचं पाणी प्यालं की उतरतं. ही बघा वाटी, भिजवूनच ठेवलीय. आमसूलही त्याच रानातलं, गेल्या साली चंपानं दिलेलं, शेवटची मूठ. देते ना, देणारच आहे. ओहोळाकडची झाडं अजून उभी आहेत म्हणाली ती, तेवढ्यासाठी जेवायला बोलावलं तुम्हाला. चला आत. ह्यांच्यासमोर उभं राहायचं नि म्हणायचं, दादा, मी तुझा अंगठा चोरला, मशीन थांबवतो. एवढं मोठ्यानं म्हणा नि वाटी घ्या.

म्हणा.

म्हणा ना, भावजी, जागे आहेत ते, बघतायत तुमच्याकडे —

आवाज फुटत नाही?

मंगळवारी ह्यांनाही नव्हता फुटला.