शेजारच्या सीटकडे वळवलेल्या मीटरबाबत

मी, टाचणीबाई या नावाने ओळखली जाणारी, वय चौपन्न, धंदा शिवणकाम, राहणार कापडबाजारामागची गल्ली, इस्त्रीवाल्याच्या वरची खोली, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. पूर्वी दोघं राहत होतो. माझे पती बसड्रायव्हर होते, मागच्या वर्षी छातीत कळ येऊन गेले. मी त्यांना 'हे' म्हणते. साहेबांच्या म्हणण्यानुसार कागदावर 'मयत पती' लिहावं लागतं, तर ते एकदा लिहून घ्यावं. पुढे मी 'हे'च म्हणणार.

आज दुपारी अस्तराचं कापड आणायला निघाले असता औषधाच्या दुकानासमोर एक निळी गाडी उभी दिसली. आमची गाडी पांढरी होती. ह्यांच्यामागे माझ्या दिरांनी ती विकली. घरात चालवणारं कोणी उरलं नव्हतं, त्यात दिरांचं काही चुकलं नाही. निळ्या गाडीच्या काचेतून मी सहज डोकावले, तर डॅशबोर्डवर एक गोल मीटर होतं आणि त्याचं तोंड ड्रायव्हरकडे नसून शेजारच्या सीटकडे होतं. असं मीटर बसवणारा माणूस मला एकच ठाऊक आहे. म्हणजे गाडी आमचीच, रंग तेवढा नवा दिलेला. माझ्या हातातली पिशवी खाली पडली, हे मला नंतर कळलं.

मीटर कशाचं, असं विचारल्यावरून सांगते की, इंजिनात पेट्रोलच्या जोडीला हवा किती जाते ते त्यावर आकड्यात दिसतं. आकडा चौदा-पॉइंट-सातच्या आसपास हवा. खाली गेला तर पेट्रोल उगाच जळतं, वर गेला तर इंजिन उपाशी राहतं आणि तापतं. हे मीटर गाडीबरोबर येत नाही. ह्यांनी ते बाहेरून विकत आणलं, सायलेन्सरच्या पाइपला भोक पाडून वेल्डरकडून नट बसवून घेतला, त्यात सेन्सर आवळला आणि वायर आत ओढायला मला सीटखाली डोकं घालायला लावलं. "आली का?" "आली." एवढंच आमचं बोलणं. बाहीला लागलेलं ग्रीस काही निघालं नाही. आता मी ते काढतही नाही.

मीटर आधी सरळच लावलं होतं. पण ह्यांना चाळिशी लागलेली. लांबचा बसस्टॉप दिसायचा, हातभर अंतरावरचा आकडा दिसायचा नाही, आणि चष्मा लावा म्हटलं की नाकाला मिरच्या झोंबायच्या. शेवटी एके दिवशी स्वतःच मीटर माझ्याकडे वळवलं आणि म्हणाले, "तू वाच." तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी आम्ही गावाबाहेरच्या चढावर जायचो. मी आकडा वाचायची. ह्यांनी "बरोबर" म्हणायचं, नाहीतर गाडी बाजूला घेऊन कार्बोरेटरचा स्क्रू पिळायचा.

माणूस अबोल. निघताना चपला घालता घालता "बरोबर येतेस ना?" आणि चढावर नुसतं "बरोबर", एवढ्यावर आमचा संसार चालला. मी एकदा मुद्दाम चुकीचा आकडा वाचला, तर इंजिनाच्या आवाजावरून लगेच ओळखलं. मग मीटर आणलं तरी कशाला, असं मी विचारलं. त्यावर हसले आणि स्क्रू पिळत बसले.

गाडीचं लॉक मी तोडलेलं नाही. शेजारच्या सीटच्या बाजूचं हँडल वर उचलून दार खांद्यानं आत दाबलं की ते उघडतं. ही खोड ह्यांनी कधी दुरुस्त केली नाही आणि नव्या मालकांच्याही लक्षात आलेली दिसत नाही. मी आत बसले. किल्ली नसल्यामुळे मीटर काळं होतं. तरी मी वाचलं. तेरा-आठ. चौदा-दोन. चौदा-सात. इथे थांबले आणि वाट बघितली. हे मी मोठ्यानं वाचत होते असं गाडीमालक म्हणतात, तर वाचत असेन.

गाडीमालक म्हणजे ते औषध दुकानदारच. त्यांनी आधी मला चोर ठरवलं, मग माझं डोकं फिरलंय म्हणाले. दोन्हींत चोर बरी, असं मी त्यांना सांगितलं. मग ते म्हणाले, कुणा मूर्खानं हे मीटर वाकडं बसवलंय, या रविवारी काढूनच टाकतो. त्यावर माझा तोल गेला आणि मी त्यांना भररस्त्यात 'आडमुठा' म्हटलं. गर्दी जमली ती त्यामुळे.

नाक्यावरच्या हवालदारांनी आम्हाला त्याच गाडीतून ठाण्यात आणलं. मला मागे बसवलं, ते स्वतः पुढे बसले. गाडीमालकांनी किल्ली फिरवली आणि मीटर पेटलं. मी मागून मान लांब करून बघितलं. "सोळा-पॉइंट-दोन," मी म्हटलं. पुढे हवालदारांनी टोपी काढून डॅशबोर्डवर ठेवली, ती नेमकी मीटरवर आली. "टोपी उचला" असं मी म्हटलं ते खरं आहे. उद्धटपणे म्हटलेलं नाही.

गाडीतून काय न्यायचं होतं, असं दोनदा विचारल्यावरून सांगते की, काही न्यायचं नव्हतं. कोणीतरी 'बरोबर' म्हणावं, एवढंच हवं होतं. ते त्या गाडीत नाही हे मला कळतं, मी खुळी नाही. पण मला ते हवंय. शिवताना हवं असतं, जेवायला बसले की हवं असतं. कागदावर लिहायचं असेल तर लिहावं.

गाडीमालक बाकावर बसून सगळं ऐकत होते. तक्रार द्यायची नाही, असं त्यांनी साहेबांना सांगितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मावशी, सोळा म्हणजे हवा जास्त, असंच ना? तरीच चढावर ओढत नाही." मी हो म्हटलं आणि स्क्रू कुठे असतो ते हातानं दाखवलं. त्यांनी जरा विचार केला. म्हणाले, "मीटर राहू दे तसंच. जाताना पुढे बसा तुम्ही." 'आडमुठा' हा शब्द मी मागे घेते.

माझा हा जबाब हवालदारांनी मला मोठ्यानं वाचून दाखवला आणि सांगितल्याप्रमाणे लिहिला आहे ना, असं विचारलं. आजवर वाचायचं काम माझं होतं, पुढचा शब्द ह्यांचा होता. आज तो मी म्हणते.

बरोबर.