परीक्षकांचा अभिप्राय

दयाराम : शर्ट इस्त्रीला टाकलास का, रोशनी? रविवारी मैनाआत्या उरणवरून थेट पनवेलच्या हॉलवर येणार हाय.

रोशनी : बाबा, तिला नका बोलावू.

दयाराम : का? भावाच्या कथेला बक्षीस भेटलं, बहिणीनं बघायचं नाय?

रोशनी : जरा बसा ना. तुमच्या स्पर्धेची मुदत संपली आणि लगेच दुसऱ्या दिवशी निकाल आला. एवढ्या कथा एका रात्रीत कोण वाचतं? मला राहवेना. त्यांचीच दुसरी स्पर्धा चालू होती, तिथे मीही फी भरली.

दयाराम : तू पण लिवतेस? एका घरात दोन लेखक!

रोशनी : लिहिलं नाही. वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तकातली दोन पानं उतरवून पाठवली. भाविका नावाने.

दयाराम : (हसत) मग चांगलं धुतलं असंल तुला.

रोशनी : विशेष गुणवत्ता पुरस्कार मिळाला.

दयाराम : मशीनला?

रोशनी : परीक्षकांनी अभिप्राय पण दिलाय. 'आपल्या लेखणीतील वेदना थेट काळजाला भिडते.'

दयाराम : हे तर मला आलेल्या बक्षिसाच्या पत्रातलं.

रोशनी : शब्द न शब्द तेच. माझी शंका चुकीची ठरावी म्हणून पाठवलं होतं, बाबा. खरंच.

दयाराम : मशीनला कसली वेदना, बाय?

रोशनी : ते वाचतच नाहीत. फी आली की बक्षीस. काही ठिकाणी फी घेऊनही नीट वाचतात, पण हे तसले नाहीत.

दयाराम : म्हणजे मी लिवलेली आपल्या निकेशची गोष्ट कोणीच वाचली नाय?

रोशनी : बाबा...

दयाराम : होडीत पाय ठेवायच्या आधी तिला हात लावून पाया पडायचा तो. त्या दिवशी पण पडला. आणि दर्यातून परत आलाच नाय. ते एक वाक्य मी किती वेळा खोडलं, किती वेळा लिवलं. बक्षीस नसतं दिलं तरी चाललं असतं. एवढी फी घेतली, त्यात वाचायचं नव्हतं धरलं?

रोशनी : मी वाचली ना. दोनदा वाचली. दादा जसाच्या तसा आलाय.

दयाराम : तुझा भाऊच तो. तुला ठाऊकच हाय. त्याला कधी बघितलं नाय, असं एक तरी माणूस पायजे होतं मला.