टेंपरेचरचा मीटर

उल्हासनगरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात एक नवरा-बायको जुन्या मोटारीसाठी मीटर बघत होते.

“सुहासिनी, ऑइल प्रेशरचा घेऊ या.”

“अहो, अंबरनाथच्या रस्त्यात इंजिन दोनदा उकळलं. टेंपरेचरचाच घ्या.”

“गाडीत आहे की तो! खोटं दाखवतो, एवढंच.”

दुकानदाराने नवा मीटर समोर धरला. “ये लो साब, एकदम साफ. लाल पट्टा कितने से चालू है?”

“साठपासून.”

“नब्बे लिखा है, साब.”

“इथे उजेड कमी आहे.”

“लख्ख ऊन पडलंय, अहो. कधीपासून दिसत नाही तुम्हाला?”

“दिवाळीपासून.”

“आणि रोज आपल्या मीनलला याच गाडीने शाळेत सोडताय?”

“सांगितलं असतं तर तू माझ्या बाबांची गाडी विकायला लावली असतीस.”

“कोण विकतंय? आधी चावी द्या इकडे. रिक्षा करून डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ.”