कॉम्प्युटर नवा, हेलपाटे माझे

…नाही हो, गुडघे वयानं नाही गेले, कॉम्प्युटरनं गेले! हसताय काय? तुम्हाला सांगतो, नवा कॉम्प्युटर जोडला आमच्या नातीनं, आणि झिजलं कोण? मी!

जोडला म्हणजे काय, तर सुटे भाग आणून, आतल्या खोलीत जमिनीवर चादर पसरून, स्वतःच्या हातानं, एकेक स्क्रू पिळून. आणि बाहेरच्या खोलीत तिचा बाप, म्हणजे आमचे चिरंजीव, आख्खा जन्म ऑफिसात कॉम्प्युटरच दुरुस्त करतात, पण उठून बघतील तर शपथ! का? तर पोरीनं यांनी लावून दिलेली नोकरी सोडली, चित्रं हलती करायचा धंदा धरला, तेव्हापासून बोलणं बंद. ‘अण्णा, त्यांना सांगा, पान वाढलंय.’ ‘अण्णा, तिला सांगा, भूक नाही.’ आणि मधे कोण? मी!

बरं, दिवे लागले, पंखे फिरले, पेनड्राइव्हवरून शिष्टीम भरायला घेतली. भरत भरत शेवटाला येते, बंद होऊन परत सुरू होते, आणि पुन्हा पहिल्यापासून, ‘सुस्वागतम, भाषा निवडा!’ अहो, निवडली की मघाशी! पोरगी रडकुंडीला. गेलो बाहेर. चिरंजीव पेपरातून डोकं न काढता म्हणतात, ‘तिला सांगा, पेनड्राइव्ह काढ आधी. तो लावलेला असला की यंत्र दरवेळी त्याच्यावरूनच सुरू होतं.’ आलो आत. काढला. झालं की हो! तर ही म्हणते, ‘त्यांना सांगा, मला माहीत होतं.’ आता असलं कुणी पोचवतं का? मी जाऊन म्हटलं, ‘ती म्हणते, बाबांच्या हाताची सर कुणाला येणार?’ तुम्हाला सांगतो… पेपर चार बोटं खाली आला!

आणि मग नेट लागेना. का? तर त्याचा ड्रायव्हर नाही. ड्रायव्हर म्हणजे, मला कळलं तेवढं सांगतो, आतल्या भागाची शिष्टीमशी ओळख करून देणारा. तो नसला की दोघं एका पेटीत राहून एकमेकांना ओळख देत नाहीत… आमच्याच घरचे! बरं, तो मिळतो कुठे? नेटवर! म्हणजे नेटला ड्रायव्हर हवा, ड्रायव्हरला नेट हवं. अरे, कुणीतरी आधी पाऊल उचला की!

घरात दुसरा कॉम्प्युटर एकच, चिरंजीवांचा लॅपटॉप. पोरगी म्हणाली, ‘अण्णा, संध्याकाळी पहिलं काम पाठवायचंय. नाही गेलं तर… बाबाच खरे ठरतील.’ आवाज असा बारीक, की मी लगेच हात पुढे केला. तिनं ड्रायव्हर भरून आणायला पेनड्राइव्ह दिला, आणि ज्याच्यावरून तो शोधायचा, तो पेटीतल्या मुख्य बोर्डाचा नंबर घोकून घेतला माझ्याकडून, मालगाडीएवढा लांब! मी निघालो, आणि विसरलो. खरंच विसरलो की मुद्दाम, ते विचारू नका. दिला मनानंच एक नंबर ठोकून!

चिरंजीव शोधतायत, शोधतायत… ‘अण्णा, असला बोर्ड जगात कुणी बनवलेला नाही!’

‘मला काय कळतंय बाबा? कळणाऱ्यानं आत जाऊन बघावं.’

उठले! टॉर्च घेऊन गेले आत! मी मागनं, चोरासारखा.

‘माझ्या हाताची सर कुणाला येणार, असं म्हणालीस म्हणे?’

‘मी? तुम्हीच म्हणालात ना, पोर माझ्या वरताण निघाली?’

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. काय सुंदर छत आहे हो आमचं!

चिरंजीव वाकले. पेटीत उजेड टाकला. सगळ्या वायरी वेणीसारख्या घट्ट, नीट बांधलेल्या. त्यावरून बोट फिरवत म्हणाले, ‘कुणी बांधल्या?’

‘मीच.’

‘…मला अशा कधी जमल्या नाहीत.’

पोरगी भिंतीकडे तोंड करून नाक ओढत म्हणते, ‘टॉर्च नीट धरा ना, बाबा. नंबर दिसत नाही.’

ऐकलंत? ‘बाबा’ थेट बाबांकडे गेलं. मधे न थांबता!

मग ड्रायव्हर आला, नेट आलं, संध्याकाळी तिचं चित्र गेलं, आणि तेव्हापासून बापलेकीची डोकी त्या पेटीत. हा पंखा उलटा, ती वायर तोकडी, अखंड बडबड! सुनेनं पाठवलं म्हणून मी सांगायला गेलो, ‘अरे, जेवण निवतंय…’ तर दोघं एका सुरात, ‘अण्णा, मधे बोलू नका!’

घ्या! आता घरात माझ्याशी बोलणार कोण? म्हणून तर तुम्हाला धरलंय.