होडी किनाऱ्याला लागली की

(समुद्रकाठचं स्फॅक्स शहर. कॉलेजची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा, दुपार टळलेली. हाजर आणि ओल्फा एका ओट्यापाशी; पलीकडे वसीला मॅडम काचेची भांडी धुताहेत.)

हाजर : पिशवी उघड आणि माझा फोन दे. एवढंच म्हणतेय.

ओल्फा : आणि मी म्हणतेय, ब्युरेटच्या तोटीवरचा हात काढू नकोस. बघ, धार सोडलीस! फिकट गुलाबी व्हायला हवं होतं. हे लग्नातलं सरबत झालं.

हाजर : पुन्हा भरते. आधी फोन.

ओल्फा : मॅडम, ही फोन मागतेय.

मॅडम : ऐकलं. हाजर, परीक्षेपर्यंत तुझा फोन ओल्फाच्या पिशवीत, तिचा तुझ्या पिशवीत. घरचा फोन आला तर सांभाळणारीने बघायचं, बाकी काही उघडायचं नाही. सगळ्या जोड्यांचं असंच ठरलंय ना?

हाजर : ठरलंय. पण मी या बिनफोनच्या गटातून बाहेर पडतेय.

मॅडम : पडलीस तर प्रात्यक्षिकाला पुन्हा बसता येणार नाही. तू या गटात आहेस, या एका गोष्टीवर मी तुझ्यासाठी शब्द टाकलाय. वर्ष जाईल.

हाजर : माहीत आहे.

मॅडम : मग?

हाजर : मग काही नाही. जाऊ दे.

ओल्फा : वर्ष जाऊ दे म्हणते, जशी बस जाऊ दे! मागच्या परीक्षेत ब्युरेट रिकामी होऊन गेली, आणि बाईसाहेब मांडीवर फोन ठेवून मांजराचे खेळ बघतायत.

हाजर : मांजर नव्हतं. कुणीतरी मळका गालिचा धूत होतं.

ओल्फा : गालिचा! अगं, आमच्याकडे ये, आई खराखुरा देईल धुवायला. फुकट.

मॅडम : ओल्फा, पुरे. हाजर, त्रास काय होतोय? झोप येत नाही?

हाजर : येते. सुरुवातीला हात शिवशिवायचे, आता तेही नाही. त्रास काहीच नाही मॅडम, तेच तर. जेवते. हरीसाची चटणी तिखट लागते, पण आवडली की नाही ते सांगता येत नाही. आधीही काही वाटत नव्हतंच. पण फोन हातात असला की काही वाटत नाहीये, हे कळायचं नाही.

मॅडम : दाताच्या डॉक्टरने भूल दिल्यावर बधिर ओठ कधी खटकायला लागतो, आठवतं? भूल उतरायला लागते तेव्हा.

हाजर : म्हणजे उतरतेय?

मॅडम : असेल. कधी उतरेल ते मला ठाऊक नाही. ठाऊक आहे असं मी म्हणणारही नाही.

हाजर : आमच्या केर्केना बेटावर बाबा ऑक्टोपस धरायला मातीची मडकी बुडवतात. आत आमिष नसतं. अंधार असतो, बस्स. तो आपणहून शिरतो. मडकं वर ओढताना तोंड उघडंच असतं, तरी बाहेर उडी मारत नाही. बसून राहतो.

ओल्फा : ए केर्केनाकर, असं काही बोलू नकोस गं. अंगावर काटा येतो.

हाजर : मला येत नाही. फोन दे.

ओल्फा : देते. पण आधी एक सांगायचंय. मॅडमसमोरच सांगते, म्हणजे तू मला मारणार नाहीस.

हाजर : काय केलंस?

ओल्फा : तुझ्या फोनवर रोज 'बाबा' येतं. एकदाच वाजतं आणि बंद. पहिल्या दिवशी वाटलं, चुकून लागला असेल. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी घाबरले आणि लावला. तुझ्या आईने उचलला.

हाजर : आईला काय सांगितलंस?

ओल्फा : खरं तेच. तुझी मैत्रीण, परीक्षा आहे म्हणून फोन माझ्याकडे. आई हसली. म्हणाली, घाबरू नकोस पोरी, होडी किनाऱ्याला लागली की तो एक रिंग देतो. हाजरने उलट एक रिंग दिली की समजायचं, ती खोलीवर पोचली. बोलायचं काही नसतं, पैसेही जात नाहीत. मी म्हटलं, अल्ला, हे तर आम्हा स्फॅक्सकरांपेक्षा चिक्कू!

हाजर : हो. तसंच ठरलं होतं. मी इथे आले तेव्हा.

मॅडम : आणि तू उलट द्यायचीस?

हाजर : पहिल्या वर्षी. मग... इतकं काय काय वाजायचं मॅडम, त्यात ती एक रिंग खाली जायची. दुसऱ्या दिवशी दिसायची. शिळ्या रिंगला काय उत्तर देणार? कधी थांबले, आठवत नाही.

मॅडम : त्यांनी विचारलं नाही?

हाजर : बाबा विचारत नाहीत.

ओल्फा : मी... हाजर, मी द्यायला लागले.

हाजर : काय?

ओल्फा : उलट रिंग. तुझ्या फोनवरून. एक, आणि कट.

हाजर : माझ्या नावाने?

ओल्फा : रिंगला कुठे नाव असतं? दिली. दुसऱ्या दिवशी परत दिली. परवा त्याने दोनदा दिली. मीही दोनदा. मग तीनदा! म्हातारा खेळत होता गं माझ्याशी. म्हणजे तुझ्याशी.

मॅडम : ओल्फा, हे मला सांगायला हवं होतंस.

ओल्फा : चुकलं, मॅडम. पण काल तिच्या आईचा फोन आला. वाळवलेला ऑक्टोपस पाठवतेय बोटीने, माझ्यासाठीही. आणि सहज म्हणाली, हा हल्ली लवकर घरी येतो.

हाजर : कुठून?

ओल्फा : किनाऱ्यावरून. आधी होडी बांधून झाली तरी तिथेच उभा राहायचा, फोन हातात धरून. अंधार पडेपर्यंत. आईला वाटायचं, जाळी आवरतोय.

मॅडम : हाजर?

हाजर : मी ऐकतेय.

ओल्फा : ओरड ना मला. शिव्या दे. काहीतरी कर.

हाजर : राग यायला हवा, ते कळतंय. येत नाहीये.

ओल्फा : बरं. हा घे फोन. मी काय म्हणते, घेतलास तर घेतलास, पण ती रिंग... ती आता थांबली तर त्याला कळेल. आधी थांबली तेव्हा हळूहळू थांबली असेल. आता एकदम थांबेल.

हाजर : मी देईन की उलट.

ओल्फा : देशील?

हाजर : ...नाही. फोन माझ्याकडे असला तर नाही दिसणार मला. परत सगळ्याच्या खाली जाईल.

मॅडम : हे तुझं तूच म्हणालीस. मी म्हटलेलं नाही.

ओल्फा : आलं! 'बाबा'. बघ, एकदा वाजून बंद. आज लवकर आलाय किनाऱ्याला. देऊ मी?

हाजर : थांब. मॅडम, मी फोन हातात घेतला तर गटातून बाहेर?

मॅडम : बाहेर. नियम तसाच आहे.

हाजर : मग तो तिच्याच हातात राहिला, आणि बोट माझं असलं तर?

मॅडम : ...बोटाबद्दल मी काही ठरवलं नव्हतं. मला ही भांडी विसळायचीत. नळ सुरू असला की मला ऐकू येत नाही.

ओल्फा : हे बघ, घट्ट धरलाय. दाब तिथे. दुसरीकडे बघू नकोस, वर लाल आकडे दिसतायत तिकडे तर मुळीच नाही.

हाजर : नाही बघत. कट कधी करायचं?

ओल्फा : पलीकडे एकदा वाजलं की. आपल्याला ऐकू येतं ते. हं... आत्ता!

हाजर : झालं?

ओल्फा : झालं. पोचलीस तू खोलीवर. काही वाटलं?

हाजर : नाही.

ओल्फा : थोडंसुद्धा?

हाजर : नाही गं. टाक तो पिशवीत, मला ब्युरेट भरायचीय. उद्या पुन्हा विचार.