जोत्याची माती

दादा : माझ्या जोत्याला हात लावायचा नाही. दुसरीकडून कुठूनही माती ने.

धाकटी : कोरडी माती उरलीय कुठे, ते दाखव. सगळी शेतं म्हणजे राबडी झालीय. बांधाच्या भगदाडात चिखल टाकला तर टाकताटाकताच वाहून जाईल.

दादा : पण भगदाड पाडलं कुणी? नाल्याच्या तोंडाशी नदीचं पाणी अडवणारा दरवाजा होता ना चांगला?

धाकटी : चांगला कसला, गंजून चाळण झाली होती. मोठा बसवायचा म्हणून काढला.

दादा : आणि मोठा कुठंय?

धाकटी : वाटेत अडकलाय. वरचा पूल पाण्याखाली गेला.

दादा : वा. बहीण बांधाची इंजिनिअर, आणि बांधालाच भोक.

धाकटी : चूक माझीच. हवं तेवढं बोल, पण नंतर. तासाभरात नदी तिथवर चढेल. आत शिरली की खालची आळी गेली.

दादा : हाडाची काडं करून उभारलंय ते. नव्या घराचं जोतं आहे, तुझ्या कामाचा ढिगारा नाही.

धाकटी : माहीत आहे मला.

दादा : काय माहीत आहे? तू होतीस शहरात.

वहिनी : मशीनवाले भाऊ, खोदायला या इकडे.

दादा : तू मध्ये पडू नकोस.

वहिनी : जोतं चोपताना मी मध्येच होते की. खालच्या घरात आई खाटेला खिळल्यात. पाणी आलं तर त्यांना कुठे नेणार? या उघड्या जोत्यावर?

धाकटी : दादा, तुझ्या तोंडून हो ऐकायचंय.

दादा : आणि नाही म्हटलं तर?

धाकटी : तरी मशीन लावीन. मग तू माझ्याशी जन्मात बोलणार नाहीस, एवढंच.

दादा : ओ मशीनवाले, त्या कोपऱ्यात दगड आहेत. इकडून घ्या. मधली माती घट्ट बसलीय.

(दुपार कलली आहे. बुजवलेल्या भगदाडापाशी, बांधावर.)

वहिनी : झिरपतंय की अजून.

धाकटी : तेवढं चालेल. आतलं पाणी पंपाने उपसू. नदी थांबलीय, वहिनी. मघापासून बोटभरही चढली नाही.

वहिनी : आईंना सांगून येते. मघापासून विचारतायत.

धाकटी : दादा, काहीतरी बोल ना.

दादा : नदीची पातळी बघतोय. जोत्यापेक्षा वर आहे.

धाकटी : हो. हातभर तरी.

दादा : जोतं परत घालू तेव्हा उंची तू सांग.