हशूचा विक्रम

एकट्यानं पन्नासच्या वर गुण करणारा पोरगा पाहिलाय का राव? आमच्या शाळेच्या बास्केटबॉल संघात होता, पिंपरीच्या निर्वासित कॅम्पातला हशू. फाळणीत कराचीहून निघताना त्याची नि वडिलांची चुकामूक झाली, ती कायमचीच. तालुक्याचा विक्रम मोडला तेव्हा आम्ही त्याला खांद्यावर घेऊन नाचलो. तो मात्र सरांना विचारत होता, "पेपरात नाव येईल ना? बाबा कुठंही असले तरी वाचतील."

दुसऱ्या दिवशी बातमी आली. 'पिंपरीच्या खेळाडूचा विक्रम', एवढंच. नाव नव्हतं.

पुढच्या सामन्यात हशू हाती आलेला प्रत्येक चेंडू आम्हालाच देत राहिला. सर ओरडले, "अरे, बास्केटमध्ये टाक की!"

"टाकून कुणाला कळणार आहे, सर?"